परदेशातलं केळफूल

रावेरच्या जितेंद्रची केळी त्याच्या आधी परदेशात जाऊन आली होती. बागेतून घड उतरायचे, शेडमध्ये त्यांच्या फण्या व्हायच्या, धुऊन-पुसून खोक्यात बसायच्या, गार गाडीत चढायच्या आणि समुद्र ओलांडून जायच्या. जितेंद्र त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायचा आणि घरी येऊन जेवायचा. असं कित्येक वर्षं चाललं. मग एक दिवस त्याच्या मनात आलं, की आपली केळी जग बघतात आणि आपण फार तर शेगाव बघतो.

"यंदा फॉरेनला जायचं," त्यानं जेवता जेवता जाहीर केलं.

त्याची पोरगी पुनम जळगावला कॉलेजात शिकते. तिला हे बोलणं मिळायचाच अवकाश. तिनं मोबाईलवर देशही शोधून ठेवला होता. व्हिएतनाम. "पप्पा, तिथली संस्कृती लई जुनी आहे. आणि तिथलं खाणं सगळ्या जगात नावाजलेलं."

संस्कृतीला घरात कुणाची हरकत नव्हती. हरकत आली ती खाण्याला, आणि ती घेतली तोताराम नानांनी. नाना म्हणजे जितेंद्रचे सख्खे काका. बायको गेल्यापासून दोन्ही वेळ याच घरी जेवतात. प्रवासाला वडीलधारं माणूस बरोबर पाहिजे म्हणून त्यांनाही न्यायचं ठरलं होतं, म्हणजे त्यांनीच ते ठरवलं होतं.

"नावाजलेलं असू दे," नाना म्हणाले. "पण तठी आपण खायचं काय?"

लोक फिरायला निघाले की विचारतात, बघायचं काय. या घरात तो प्रश्न शेवटपर्यंत कुणी विचारला नाही. पुनमनं फोटो दाखवले. पाण्यातून वर आलेले डोंगर दाखवले, कंदील लावलेलं जुनं गाव दाखवलं, लांबलचक बोट दाखवली. नाना चष्मा लावून सगळं नीट बघायचे आणि म्हणायचे, "बोट बरी आहे. बोटीत चूल पेटवू देतात का?"

शेवटी पुनमला एक भाड्याचं घर सापडलं. आत गॅस, फ्रीज, भांडी, बेसिन, सगळं. नानांच्या जिवात जीव आला. जितेंद्र म्हणाला, "मिटला प्रश्न." देश बघायला निघालेली माणसं, पण तिकीट काढलं ते स्वयंपाकघर बघून.

"आई, तू पण यायचं," जितेंद्र म्हणाला.

आई म्हणजे सुगंधाबाई. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिचे मालक होते तेव्हा मुक्ताईनगर झालं, त्र्यंबक झालं, पण ते सगळं देवासाठी. नुसतं फिरायला म्हणून ती कधी वेशीबाहेर गेली नव्हती. शाळा दुसरीपर्यंत झालेली, सही मात्र ठसठशीत करते. पासपोर्टचा फोटो काढायला गेली तर फोटोवाला म्हणाला, "आजी, हसू नका." ती म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा फिरायला निघाले. तू जरा घाई कर."

मग पुनमनं तिला एक व्हिडिओ दाखवला, आणि तिथं सगळी गोष्ट सुरू झाली.

व्हिडिओत व्हिएतनामची एक म्हातारी होती. रस्त्याच्या कडेला बसलेली, पुढ्यात परात. तिनं एक केळफूल घेतलं, वरची जांभळी पानं काढली आणि आतला गाभा केसासारखा बारीक चिरला. लिंबाच्या पाण्यात टाकला, पिळून काढला. वरून भाजलेले शेंगदाणे, मिरची, हिरवा पाला. हातानं कालवलं, बशीत वाढलं आणि पुढं बसलेल्या बाईच्या हातात दिलं. मग स्वतः उठून उभी राहिली, आणि ती बाई पहिला घास घेईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पुन्हा लाव," सुगंधाबाई म्हणाली.

रावेरच्या मुलखात घड भरावा म्हणून केळफूल मोडून टाकतात. बांधावर ढीग पडतो. शेळ्या येतात, वास घेतात, पुढं जातात. सुगंधाबाईचा सगळा जन्म त्या ढिगाशेजारून गेला होता. कुठल्या तरी देशात त्याची पाहुण्याला बशी देतात, हे तिला नवल वाटलंच. पण तिचं मन अडकलं दुसऱ्याच ठिकाणी. ती उभी राहिलेली बाई तिला चांगली ओळखीची होती. लग्न होऊन आल्यापासून ती स्वतः तशीच उभी होती. कुणाला पोळी पाहिजे, कुणाला मीठ कमी पडलं, कुणाच्या कपाळाला आठी आली, ते बघत. बसलेली बाई मात्र तिच्या ओळखीची नव्हती. आपण ती व्हावं, एवढंच तिच्या मनात आलं. एकदा. एका बशीपुरतं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तरी काय होतं त्यात.

दोन दिवसांनी ती मागच्या पडवीत मेथी निवडत होती आणि पुढच्या ओट्यावर नाना अन् जितेंद्र बोलत होते.

"जितू, तठलं पाणी मानवलं नाही तर? पोट बिघडलं तर?"

"नाना, कायले घाबरता. आई आहे ना बरोबर. सकाळ-संध्याकाळ घरचंच जेवू. तिला तरी दिवसभर काय काम आहे तिथं?"

यात जितेंद्रचा दुष्टावा काही नव्हता. उलट त्याच्या बोलण्यात मायाच होती. आईच्या हातचं जेवण सोडून राहवत नाही असा गुणी मुलगा. गुणी मुलाला बोलायचं तरी काय? सुगंधाबाईनं मेथीच्या काड्या आणि पानं एकत्र करून टाकली, मग पुन्हा वेगळी केली. तोंडातून माहेरची बोली आली, जी रागाच्या वेळेसच यायची. "मी काय तठे बी भाकरीच थापसू का?" ती मेथीला म्हणाली.

परदेश म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचं माहेर सोनगीर, तिकडं धुळ्याकडं, हमरस्त्यावर किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथून सतराव्या वर्षी ती रावेरला आली. नकाशात बघितलं तर दोन्ही खानदेशच. पण नकाशा जेवत नाही आणि बोलतही नाही. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "पानी शे का?" तर नणंदा पदर तोंडात धरून हसल्या. जेवायला बसली तर भरीत पांढरंफटक. ना काळा मसाला, ना लाली, नुसती हिरवी मिरची आणि वरून कच्चं तेल. तिला वाटलं, फोडणी विसरले असतील बिचारे.

तिनं पदराच्या गाठीला आईनं कुटलेल्या काळ्या मसाल्याची पुडी बांधून आणली होती. ती सोडायला गेली, तर सासूनं हात पुढं करून पुडी घेतली आणि माळ्यावर ठेवली. सासू बोलायला कडक. म्हणाली, "आधी आमचं खाय. मंग तुयं काढू."

सुगंधाबाई त्या दिवशी न जेवताच रडली आणि दुसऱ्या दिवशी रडून जेवली. पुढच्या आखाजीच्या सणाला माहेरी गेली तेव्हा आईला म्हणाली, "तुमच्या भरीतात मसाला फार असतो." आईनं तिच्याकडे असं बघितलं, जसं काही दारात पाहुणी आली आहे. माळ्यावरची पुडी फार वर्षांनी सापडली, तेव्हा तिच्यात जाळी झाली होती. सासू तोपर्यंत गेली होती. सुगंधाबाईला कळलं नाही की सासूला चांगली म्हणावं का वाईट. ते अजूनही तिचं ठरलेलं नाही.

इकडं घरात तयारीला जोर आला. भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, पापड, लोणचं, तिखट, दोन प्रकारची शेव. नानांचं म्हणणं तवाही आपलाच न्यावा, परक्या तव्यावर भाकरी चिकटते. पुनम म्हणाली, "नाना, आपण व्हिएतनामला जातोय की रावेरच तिकडं नेतोय?" नाना म्हणाले, "जमलं तर तेच बरं." सुगंधाबाई सगळ्याला हो म्हणत होती. घरातल्या कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. ती नेहमीच हो म्हणायची.

तेवढ्यात थंडी चांगली पडली आणि भरीताचे दिवस आले.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. खानदेशात बाप्या माणूस घरात पाण्याचा पेला उचलत नाही, पण शेतातलं भरीत तोच करतो. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवतो, त्यावर हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजतो, सोलतो, आणि लाकडाच्या खोलगट बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचतो. त्यात कुणाचा हात चांगला यावरून गावात माणसाचं नाव होतं. पुऱ्या बाजूच्या चुलीवर बायका तळतात, पण पुऱ्या कुणी तळल्या हे कुणी विचारत नाही. 'जितूभाऊचं भरीत' म्हटलं की आसपासच्या गावची माणसं गाडी काढून येतात. घरी त्याच जितूभाऊला मीठ कुठं असतं ते माहीत नव्हतं. मिठाची बरणी तो जन्मला त्याच्या आधीपासून एकाच जागी होती.

त्या वर्षीचा बेत जितेंद्रनं मुद्दाम मोठा केला. परदेशी जायचं तर गावाला कळलं पाहिजे. भाऊबंद आले, शेडवरची माणसं आली. जितेंद्रची बायको कामिनी पुऱ्या तळत होती. सुगंधाबाईला थंडीत खाली बसवत नाही म्हणून तिला खाटेवर बसवून पहिलं ताट दिलं. सगळे बडगीभोवती उभे. तिनं पुरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, सावकाश खाल्लं.

"जितू, भरीत बेस झालं."

"मंग," जितेंद्र म्हणाला. "हात कुणाचा आहे."

"असं कुठंही होतं का रे? की इथल्याच चुलीवर?"

"हात पाहिजे आई. चूल कुठलीही असू दे."

"तिकडची पण?"

"तिकडची काय, चंद्रावर नेऊन सोड. तिथं पण करून दाखवतो."

"बरं झालं बाई," सुगंधाबाई म्हणाली, जरा मोठ्यानं. "मला घोर लागला होता, परदेशात स्वयंपाकाचं कसं व्हायचं. जितूनं पत्करलं. ऐकलं ना सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. शेडवरचा समाधान मोठा बोलका माणूस. तो म्हणाला, "जितूभाऊ, तिकडं खानावळ टाकता का काय? बोर्ड मी रंगवून देतो." माणसं हसली. जितेंद्रही हसला, पण त्याचा हात बडगीत थांबला.

नानांना मात्र हसू आलं नाही. "भरीत ठीक आहे वहिनी. पण भाकरी?"

"शिकेल की. मी शिकले तेव्हा माझी अक्कलदाढ पण आली नव्हती. तो तर बाप्या माणूस."

हात भरीताच्या बडगीत आणि समोर सगळे भाऊबंद, अशा वेळी दिलेला शब्द मागं घेता येत नाही. जितेंद्र म्हणाला, "शिकू. त्यात काय." चुलीपाशी कामिनीनं मान खाली घातली आणि एक पुरी जरा जास्तच तळली.

दुसऱ्या दिवसापासून जितेंद्रची शाळा भरली. सुगंधाबाई बाजूला चौरंगावर बसायची, तोंडानं काही सांगायची नाही. सगळा भार कामिनीवर. कामिनीनं तो आनंदानं घेतला. पहिली भाकरी परातीतून उचलली तेव्हा ती म्हणाली, "अहो, हिची वरची बाजू कोणती, ते तरी सांगा." दुसरी भाकरी तव्यावर जाताना दुमडली आणि तशीच भाजली गेली. नानांनी ती हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "मी आज दूधच घेतो."

पण जितेंद्र जिद्दीचा. त्यानं सोडलं नाही. आणि शिकता शिकता त्याला एकेक शोध लागायला लागला. तो शेडवरून घरी आला की सांगायचा. "आई, डाळ शिजेपर्यंत माणसाला दुसरीकडं जाताच येत नाही." सुगंधाबाई म्हणायची, "हो का." मग एकदा म्हणाला, "सकाळचं आवरून होत नाही तर संध्याकाळचा विचार डोक्यात सुरू होतो. भलतंच आहे हे." सुगंधाबाई म्हणाली, "खरंच भलतं आहे." असं तो बोलायचा, जसं काही हे जगात पहिल्यांदा त्यालाच सापडलं. ती मायेनं ऐकून घ्यायची. शोध लावणाऱ्याचा हिरमोड करू नये.

शोध वाढत गेले तसं सामान कमी होत गेलं. पहिल्यांदा कळण्याचं पीठ गेलं. "वजन फार होतं," जितेंद्र म्हणाला. मग डाळ गेली. मग तवा गेला. शेवटी एक दिवस तो पुनमला म्हणाला, "ते घर रद्द कर. चांगलं हॉटेल बघ. तिथं जाऊनही आईनं अन् कामिनीनं स्वयंपाकच करायचा का? त्यांना जरा आराम पाहिजे का नको?" आणि सगळ्यांकडे असं बघितलं की आता कुणीतरी शाबासकी द्यावी.

"माझ्या मनात पण नव्हतं आलं रे हे," सुगंधाबाई म्हणाली. कौतुक करायला काय पैसे पडतात.

नानांची झोप उडाली. "मंग खायचं काय?" त्यांचा प्रश्न फिरून होता तिथंच आला. पुनम म्हणाली, "नाना, तिथं देवळांजवळ शाकाहारी खानावळी असतात. आणि हवं तर आपण आधी इथं करून बघू, चव लागते का ते." तिनं तोच म्हातारीचा व्हिडिओ काढला.

जितेंद्रला आता स्वयंपाकाची भीड राहिली नव्हती. त्यात केळफूल म्हणजे घरचाच माल. तो बांधावर गेला, एक चांगलं टवटवीत फूल घेऊन आला आणि ओट्यावरच बसला चिरायला. हाताला तेल लावायचं असतं, ते व्हिडिओत म्हातारीनं दाखवलं नव्हतं. चिकानं त्याचे दोन्ही हात काळे झाले. लिंबाच्या पाण्यात ठेवायचं ते ठेवलं, पण भूक लागली म्हणून लवकर काढलं. मग घाबरून वरून आणखी लिंबू पिळलं. दाणे कुटले, मिरची घातली, कोथिंबीर घातली. कामिनी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. मदतीला एक पाऊल पुढं टाकलं नाही. तिच्या हाताला ते केवढं जड गेलं, ते तिलाच ठाऊक.

त्यानं बशी भरली आणि खुर्चीत बसलेल्या आईच्या हातात दिली.

आणि तो उभा राहिला.

सुगंधाबाईनं बशीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. काळेकुट्ट हात पुसायचे राहिलेले, कपाळाला कोथिंबिरीचं पान. विचारत काही नव्हता, पण तिच्या तोंडाकडे बघत होता, पहिला घास जाईपर्यंत. तिनं घास घेतला. फूल तुरट होतं, जीभ आक्रसून गेली. त्यावर लिंबू इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. त्या पाण्याला तिनं लिंबाचं निमित्त दिलं.

"कसं झालं?" शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

सुगंधाबाईच्या मालकांनी जन्मभर तिच्या हातचं खाल्लं आणि एकच शब्द म्हटला, "ठीक." तो शब्द आता तिच्याही जिभेवर आला होता. किती दिवस साठवलेला, फेडायची वेळ आयती आलेली. तिनं तो गिळला, केळफुलाबरोबर.

"लिंबू जरा जास्त," ती म्हणाली. "पण अजून वाढ."

जितेंद्र धावत आत गेला.

नाना कोपऱ्यातून हे बघत होते. त्यांनी बशीला हात लावला नाही, पण त्यांना एक गोष्ट पक्की दिसली. "मंग आता जायचं कायले? इथंच खाल्लं ना तुम्ही व्हिएतनाम. तिकीट वाया गेलं."

"असं कसं नाना," सुगंधाबाई म्हणाली. "हे खरं लागतं कसं, ते बघायला नको?"

निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भरल्या. कपडे, औषधं, नानांची कानटोपी. दुपारी नाना हळूच एक पिशवी घेऊन आले आणि बॅगेच्या तळाशी घालायला लागले. आत शेव, पापड आणि सगळ्यात खाली, कागदात गुंडाळलेलं कळण्याचं पीठ. सुगंधाबाईनं हात पुढं केला, पिशवी घेतली आणि कामिनीकडून माळ्यावर ठेववली.

"आधी त्यांचं खाऊ, नाना. मंग आपलं काढू."

बोलून झाल्यावर ती स्वतःच थबकली. आवाज हुबेहूब सासूचा आला होता. नानांनीही वर बघितलं. त्यांची आईच ती.

"वहिनी, आपलं तर इथंच राहिलं मंग."

"राहू दे. आल्यावर भूक असेल."

तेवढ्यात पुनमला आजीच्या पिशवीत, लुगड्याच्या घडीत, एक पुडी सापडली. वास घराभर सुटला. सोनगीरच्या भावजयीनं पाठवलेला काळा मसाला. नानांचे डोळे चमकले. "अन् हे काय?"

"ते खायला नाही," सुगंधाबाई जरा गडबडली. "त्या केळफूलवाल्या बाईला द्यायला. कुणाच्या दारी जेवायला जायचं, तर रिकाम्या हातानं जातात का?"

नानांनी क्षणभर विचार केला. "खरं आहे," ते म्हणाले. "मंग माझी शेव पण तिलाच देऊ. बिचारीनं कधी खाल्ली नसेल."

 सुगंधाबाईनं कामिनीला माळ्यावरून शेवेचा एक पुडा काढायला लावला. नानांनी तो घेतला, आणि बॅगेत न ठेवता आपल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, वरून दोनदा थोपटला. तो पुडा त्या बाईपर्यंत पोचेल असं घरात कुणालाच वाटत नव्हतं.